गाडी दहा मिनिटं थांबेल

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की घाटातल्या टपरीवरचा चहा हा माझ्या नोकरीतला दुसरा पगार होता. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं सगळं सदर घाटातल्या चहालाच देऊन टाकलं. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी एकतीस वर्षं एसटीत चालक होतो. त्यातली बरीचशी भोर-महाड रस्त्यावर, म्हणजे वरंध घाटात गेली. स्वयंपाकातलं मला फार कळतं अशातला भाग नाही. पण थांबायचं कुठं आणि का, हे कळतं.

काका, आम्ही दोघं आयटीत आहोत. घाटातल्या एखाद्या छोट्याशा, उबदार कॅफेत नुसतं बसावं, पाऊस बघावा, एवढीच इच्छा होती. फोनवर फोटो बघून एका ठिकाणी गेलो. तासभर रांगेत उभे राहिलो, आणि आत गाणी एवढी मोठ्यानं की पाऊस ऐकूच येईना. चांगली जागा ओळखायची कशी?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

तुम्ही जागा फोटोवरून निवडलीत, तिथंच गाडी चुकली. फोटोत दरी दिसते. गाडी कुठं लावायची ते दिसत नाही, आणि पाणी कुठून येतं तेही दिसत नाही.

घाटातल्या जुन्या टपऱ्या देखाव्यासाठी बसलेल्याच नाहीत. आमच्या जुन्या गाड्या चढ चढताना तापायच्या. वर पोचेपर्यंत केबिनमधल्या बॉनेटवर पापड भाजून निघाला असता. वर आलं की गाडी कडेला घ्यायची, इंजिन थोडं निवू द्यायचं, ओलं फडकं धरून रेडिएटरचं झाकण जपून सैल करायचं आणि पाणी ओतायचं. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. सपाट जागा, पाणी, आणि थांबलेल्या माणसाला धीर देणारं काहीतरी, म्हणजे देव. मोटारी येण्याआधी बैल चढायचे, त्यांनाही हेच लागायचं. वरंध घाटाच्या माथ्यावर वाघजाईचं देऊळ आहे. तिथल्या कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत, ती मोटाररस्त्याच्या कितीतरी आधीची. हा सगळा भाग कावळ्या किल्ल्याचा, रस्ता किल्ल्याच्या अंगातूनच काढलाय. चहा-भजीच्या टपऱ्या लागल्या त्या नेमक्या इथंच. बोरघाटात शिंगरोबाचं देऊळ, कसारा घाट चढून गेलं की इगतपुरीला घाटनदेवी. बहुतेक घाटांत असा एक देव सापडेल, आणि त्याच्या आसपास कोणीतरी पातेलं चढवून बसलेलं असेल.

रेल्वेचंही तेच. कर्जतला गाडीच्या मागं घाट चढायला जादा इंजिनं लागायची, त्याला वेळ लागायचा, म्हणून कर्जतचा बटाटेवडा. आधी थांबणं आलं, मग वडा आला.

त्यामुळं माझा पहिला सल्ला असा की चढ संपतो तिथं थांबा. अर्ध्या चढावर, वळणाच्या तोंडाशी, दरीवर लाकडी फळ्या टाकून काढलेलं कॅफे कितीही सुंदर असलं तरी तिथं गाडी लावलीत की मागून येणाऱ्याला अर्धाच रस्ता उरतो. धुक्यात त्याला तुमची गाडी दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. मी अशा उभ्या गाड्यांना किती शिव्या घातल्या आहेत, ते माझे कंडक्टर सांगतील.

दुसरं म्हणजे, ‘एसटीवाले थांबतात तिथं खाणं चांगलं’ असं लोक म्हणतात. यावर विश्वास ठेवू नका. मी एसटीवाला म्हणून सांगतो. आमचे थांबे ठरवून दिलेले असायचे आणि ड्रायव्हर-कंडक्टरला चहा-नाश्ता फुकट. फुकटच्या चहाला कोण नावं ठेवतो? त्यापेक्षा ट्रकवाले कुठं थांबतात ते बघा. ते स्वतःच्या खिशातून देतात.

तिसरं, कढई आणि परात बघा. कढईत भजी तळली जातायत आणि परात रिकामी आहे, तर बसा. परातीत भज्यांचा ढीग आणि वर प्लॅस्टिकचा कागद, तर पुढं चला. तेल काळं आणि फेसाळ दिसलं तरी पुढं चला. पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला झाकण आहे का, तेही बघा. आणि भजी वर्तमानपत्राच्या कागदावर द्यायला लागले तर थाळी मागा. शाई तेलात उतरते. आम्ही जन्मभर खाल्ली, ती गोष्ट वेगळी.

राहिला पाऊस. भर पावसात वरंधला जाऊ नका. अलीकडं पावसाळ्यात तो रस्ता बंद ठेवण्याचा आदेश निघतो, आणि निघाला की लोक प्रशासनाला बोल लावतात. 22 जुलै 2021 रोजी याच डोंगररांगेच्या पायथ्याकडचं, महाड तालुक्यातलं तळिये गाव दरडीखाली गेलं. ऐंशीहून जास्त माणसं गेली. आदेश म्हणजे आदेश. रस्ता खुला झाला की सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात जा. भोर सोडलं की नीरा-देवघर धरणाचं पाणी बराच वेळ सोबत असतं, हिर्डोशीपुढं रान दाट होतं, आणि वाघजाईपाशी सकाळी आठच्या आधी पोचलात तर ढग पायाखाली असतात. ढग फाटला की खाली शिवथरघळीचं खोरं उघडतं. समर्थांनी दासबोध सांगितला ती घळ त्याच खोऱ्यात. त्या वेळी टपरीत तुम्ही, टपरीवाली आणि एखादा कुत्रा, एवढेच असता. तुम्हाला उबदार हवं होतं ना? चुलीच्या बाजूचं बाकडं धरा. दरीच्या बाजूचं फोटोवाल्यांना सोडा.

घाटातली कांदाभजी घरी का जमत नाही? सगळं तसंच घालते, तरी मऊ पडते.
– एक गृहिणी, नाशिक रोड

ताई, हा प्रश्न मी वाघजाईपाशी टपरी चालवणाऱ्या एका मावशीला फार पूर्वी विचारला होता. मावशी म्हणाल्या, “पीठ कमी पडलं की भजी चांगली होते.” मला वाटलं चेष्टा करतायत. मग एकदा धुक्यामुळं गाडी अडकली तेव्हा शेजारी उभं राहून नीट बघितलं.

कांदा उभा, पातळ चिरायचा. मीठ लावून हातानं चुरायचा आणि दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवायचा. त्याला पाणी सुटतं. त्या पाण्यात मावेल एवढंच बेसन घालायचं, वरून थेंबभरही पाणी नाही. चार कांद्यांना वाटीभर बेसन म्हणजे डोक्यावरून पाणी. ओवा हातावर चोळून, तिखट, हळद, कोथिंबीर, दोन चमचे तांदळाचं पीठ आणि चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. सोडा नाही. सोड्यानं भजी फुगते, पण तेल पिते आणि पाच मिनिटांत मऊ पडते. तुमचं बहुधा तिथंच अडत असेल. मिश्रण कालवल्याबरोबर तळायला घ्यायचं, नाहीतर कांदा आणखी पाणी सोडतो. तेलात गोळा टाकायचा नाही, बोटांनी सैल सोडायचं, म्हणजे कांद्याच्या काड्या खेकड्याच्या नांग्यांसारख्या बाहेर येतात. म्हणून तिला खेकडा भजी म्हणतात.

कढईत एका वेळी थोडीच. घाटात वाऱ्यानं तेल लगेच निवतं, त्यामुळं मावशींना थोडी थोडी तळण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. घरी आपण घाई करतो, कढई भरतो आणि तेल थंड पाडतो. शेवटी त्याच तेलात चिरा दिलेल्या हिरव्या मिरच्या तळून वर मीठ भुरभुरा. चिरा द्यायला विसरू नका, मिरची फुटून तेल डोळ्यात उडतं. आमच्या घरी हा प्रयोग एकदा झालेला आहे. मिरची फुटली तेव्हा झारा माझ्या हातात होता.

काकासाहेब, मागच्या वर्षी लेहला गेलो होतो. तिथल्या रस्त्याकडेच्या तंबूतला चहा खळखळ उकळत होता, तरी पहिला घोट कोमट लागला. आपल्याकडच्या घाटातला चहा मात्र जीभ भाजतो. हे कसं?
– निवृत्त शिक्षक, सांगली

गुरुजी, हे तुम्ही मला शिकवायचं. पण मीही निवृत्तीनंतर मंडळींबरोबर एकदा तिकडं जाऊन आलो आणि हाच प्रश्न पडला, म्हणून भाच्याला विचारलं. तो फिजिक्स शिकवतो. उंचावर हवेचा दाब कमी, त्यामुळं पाणी कमी उष्णतेवरच उकळायला लागतं. ढोबळ हिशोब असा की दर 300 मीटरला साधारण एक अंश कमी. लेह 3500 मीटर उंचीवर, तिथं पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं. कितीही खळखळ दिसली तरी त्याच्यापुढं तापत नाही. त्यातून बाहेरची थंडी, पातळ ग्लास. म्हणून तिथं चहा जास्त वेळ उकळतात, मॅगी शिजायला वेळ लागतो, आणि डाळ-भाताला कुकरशिवाय इलाज नाही.

आपले घाटमाथे त्या मानानं बुटके. 600-700 मीटर धरले तर पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे फरक जिभेला कळायचाही नाही. महाबळेश्वर 1372 मीटर, तिथंही 95-96. तेव्हा ‘घाटातल्या पाण्याची चवच वेगळी’ असं जे आपण म्हणतो त्यात उकळीचा काही हात नाही. आलं ठेचून घातलेलं असतं, कडेचा गवती चहा ओढून टाकलेला असतो, आणि तुम्ही अर्धा तास वळणं खाऊन, पोट आवळून आलेले असता. उतरून उभं राहिलं तरी जमीन हलल्यासारखी वाटते. अशा वेळी हातात गरम ग्लास आला की चवीचं फार विचारू नये.

घाटात वीस-पंचवीस रुपयांना चहा म्हणजे सरळ लूट नाही का? गावात दहाला मिळतो. तुम्ही टपरीवाल्यांची बाजू घेता, म्हणून मुद्दाम विचारतो.
– एक वाचक, डोंबिवली

घेतो बाजू. कारणही सांगतो.

गॅसची टाकी गावातून वर आणावी लागते. दूधही खालूनच येतं, आणि धंदा झाला नाही तर संध्याकाळी नासतं. घाट बंद झाला की महिना-महिना एक ग्लास विकला जात नाही. शनिवार-रविवारी गर्दी आणि मंगळवारी दिवसभरात चार ट्रक. हा हिशोब त्या पंचवीस रुपयांत असतो. तो तुम्हाला महाग वाटला तर चहा न घेता पुढं जायला मोकळे आहात, पण लूट म्हणू नका.

आता एक रात्र सांगतो. पंचवीसेक वर्षं झाली असतील. महाडहून भोरकडं येणारी संध्याकाळची गाडी माझ्याकडं होती. श्रावण होता, पाऊस दुपारपासून थांबला नव्हता. वर टपरीपाशी आलो तर टपरीवाले नवरा-बायको पातेली बांधून कडेला उभे. ते रोज माझ्याच गाडीनं खाली गावात जायचे. ते चढले, डबल बेल पडली, आणि दोन वळणं गेलो तर पुढं दरड. रस्ताच नाही. गाडी मागं घ्यायची म्हणजे काळोखात, दरीच्या कडेनं. कंडक्टर बॅटरी घेऊन मागं चालत होता, मी खिडकीतून मान बाहेर काढून इंचाइंचानं घेत होतो. टपरीपाशी परत आलो तेव्हा माझ्या पाठीला घाम होता आणि वरून पाऊस. तेवढ्यात मागूनही आवाज आला. खालच्या बाजूलाही दरड आली होती.

अडतीस प्रवासी. त्यात एक तान्हं मूल, आणि महाडच्या बाजारातून तांदळाचं पोतं आणणारे एक आजोबा. टपरीवाल्यानं काही न बोलता बांधलेली पातेली सोडली. बायकोनं चूल पेटवली. भज्यांसाठी आणलेल्या बेसनाचं पिठलं झालं. आजोबांनी पोत्याचं तोंड सोडलं आणि म्हणाले, “मोजू नका, घाला.” कंदिलाच्या उजेडात पळसाच्या पानावर पिठलं-भात. पोराला पातळ दूध मिळालं, ते टपरीतलं शेवटचं दूध. म्हणून रात्रभर आम्हाला कोरा चहा. दर तासाला एक फेरी. मी झोपलो नाही, गाडीतली माणसं निजली होती आणि मला सारखा डोंगराचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बांधकाम खात्याच्या माणसांनी वाट केली. निघताना मी हिशोब विचारला. तेव्हा चहा दोन रुपये होता. टपरीवाल्यानं संध्याकाळच्या चहाचे पैसे घेतले, रोजच्या भावानं, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. रात्रीचा चहा त्यानं धरलाच नाही. मी विचारलं, तर म्हणाला, “रात्री बारानंतर दुकान बंद असतंय.”

डोंबिवलीकर, राग मानू नका. पण तेव्हापासून घाटात चहाचा भाव मी विचारत नाही.

दादा, सगळे चहा-भजीचंच लिहितात. आम्ही बायकांनी घाटात स्वच्छतागृह कुठं शोधायचं, हे कोणी लिहीत नाही. मी प्रवासात पाणीच पीत नाही.
– एक शिक्षिका, सातारा

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. एकतीस वर्षांत हा विचार माझ्या मनात कधी आला? नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत माझ्या गाडीवर बाई वाहक आली तेव्हा. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, “मामा, तुम्ही दहा मिनिटं म्हणता, त्यात मी कुठं जाऊ?” मला उत्तर आलं नाही. त्या दिवसापासून मी घाट चढण्याआधी, खालच्या स्टँडवर, पाच मिनिटं जास्त थांबायला लागलो. वेळापत्रकात ती पाच मिनिटं नव्हती. वर चहाच्या वेळेतून काढायचो.

तेव्हा घाटात शोधत बसू नका, घाटाआधी उरका. भोर किंवा महाडला स्टँडवर किंवा मोठ्या पेट्रोल पंपावर. स्वच्छ असेलच असं नाही, पण दार असतं. टपरीत विचारायला संकोच करू नका, मालकीणबाई असेल तर ती स्वतःपुरती काहीतरी सोय करून असते आणि बाईमाणसाला नाही म्हणत नाही. आणि नव्या कॅफेवाल्यांना माझा एकच प्रश्न आहे. दरीवर झोपाळा टांगायला पैसे मिळाले, मग दाराला कडी असलेला एक संडास बांधायला का मिळत नाहीत? झोपाळ्याचा फोटो निघतो, हेच कारण असणार. इथं मी कॅफेवाल्यांवर जरा जास्तच चिडतोय, हे मला कळतं.

पाणी मात्र प्या. वळणांनी मळमळतं ते रिकाम्या, कोरड्या पोटी जास्त.

उतारावर ब्रेक लावून लावून जळका वास आला. घाबरलो. काय चुकलं?
– नवा चालक, नवी मुंबई

ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. वेग इंजिननं धरायचा, ब्रेक फक्त वळणाआधी. सतत पाय ठेवलात की लायनर तापतात, वास येतो, आणि मग ब्रेक धरेनासा होतो. वास आला की सपाट जागा बघून थांबा, चाकावर पाणी मारू नका, आपोआप निवू द्या. गिअर कधीही न्यूट्रलला टाकून उतरू नका. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. चहा प्यायचा तो उतार सुरू होण्याआधी.

माझे वडील 82 वर्षांचे आहेत. तरुणपणी ते नोकरीसाठी दर आठवड्याला वरंध घाटातून जायचे, आणि वाघजाईपाशी चहा घ्यायचे. आता एकदा तिथं न्या म्हणून मागं लागले आहेत. पण सगळं बदललं असणार. त्यांना वाईट वाटेल, अशी भीती वाटते. न्यावं का?
– एक मुलगी, ठाणे

न्या. देऊळ आहे तिथंच आहे, दरीही आहे. टपरीवरचं छप्पर बदललं असेल, माणसं पुढच्या पिढीतली असतील. त्याचं वाईट आम्हा म्हाताऱ्यांना तुम्हाला वाटतं तेवढं वाटत नाही. आमच्या वयात तिथं कोणीतरी अजून चहा करतंय, हीच बातमी असते.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी बघा, रस्ता खुला आहे ना हे भोरला विचारून घ्या, आणि आठवड्याचा मधला दिवस धरा. शनिवार-रविवारी त्यांना बसायलाच मिळणार नाही. ठाण्याहून महाडमार्गे चढलात तर त्यांना चढ आठवेल आणि शेवटी चहा मिळेल. जेवणाच्या आधी पोचा. भजी एकच प्लेट, आणि मिरच्या तुम्ही खा. माकडं आहेत, त्यांच्या हातात थाळी देऊन फोटो काढायला लांब जाऊ नका. साखर कमी सांगायची असेल तर त्यांच्यासमोर नको, आधीच जाऊन सांगून या. बाकड्यांना पाठ नसते, तेव्हा घरून एक उशी घ्या.